वाटेकडे तोंड

"हे काय आहे?" मी बोट दाखवून विचारलं.

छबूनं माझं बोट धरून मुडपलं. "वैनी, कवळ्या फळाला बोट दावू न्हाई. कुजतंय."

"कुजू दे की. त्याच्यावर काय लिहिलंय ते वाच आधी."

ती वाकली आणि वाचल्यासारखं केलं. वाचायची गरज नव्हती, तिनंच लिहिलेलं होतं. फळ तेव्हा पेरूएवढं, अंगावर पांढरी लव. त्या लवेतून बाभळीच्या काट्यानं दोन नावं ओरखडली होती. वर छबू, खाली अंकुश. अक्षरं इतकी बारीक, की मी बुडाशी खत घालायला बसले नसते तर माझ्याही नजरेला आली नसती.

"एवढुसं तर हाय," छबू म्हणाली.

"आज एवढुसं आहे. दिवाळीला केवढं होईल?"

तेव्हा कुठं तिचा चेहरा उतरला. भोपळेवाल्याच्या घरात जन्मलेली पोरगी, आणि एवढी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. सतराव्या वर्षी डोकं जाग्यावर असतं कुणाचं म्हणा.

आमचा मळा भीमेच्या काठाला. ऊस सगळेच लावायचे, पण नदीकडच्या वाफ्यात आमचे सासरे तंबोऱ्याचा भोपळा लावायचे. हा खायचा नव्हे. जिभेला लागला तर दिवसभर तोंड कडू. वाळला की मिरजेचे कारागीर येऊन घेऊन जायचे आणि त्याचे तंबोरे करायचे. त्याला फळ घागरीहून मोठं लागतं आणि बूड गोल लागतं, कुठं चपटं नको, कुठं कलतं नको. ते आपोआप होत नाही. वेल हातभर झाला की त्याला वळण लावायचं. सगळे शेंडे एकाच बाजूला न्यायचे, जागोजागी दुफाट्या काटक्यांची बेचकी रोवून वेल जमिनीला धरून ठेवायचा, नाहीतर एका वावटळीत सगळा उलटापालटा होतो. बगलफुटी खुडायच्या. एका वेलावर एकच फळ ठेवायचं, बाकीची काढून टाकायची. ठेवलेलं फळ नारळाएवढं झालं की त्याला उसाच्या पाचटाच्या गादीवर उभं करायचं, तीन बाजूंनी काठ्या लावायच्या, काठ्यांना चिंध्या गुंडाळायच्या. साल कवळी असताना नख जरी लागलं तरी तो ओरखडा फळाबरोबर वाढत जातो. म्हणून वाफ्यात पाय टाकायच्या आधी मामा आमची नखं बघायचे.

मामा म्हणजे सासरे. माझी नखं ते मला सांगून बघायचे नाहीत. "छबे, वैनीला म्हणावं हात पुढं कर," असं म्हणायचे. मी हात पुढे करायची. मग छबूलाच सांगायचे, "ठीक हाय म्हणावं." सून सासऱ्याशी बोलत नाही आणि सासरा सुनेशी बोलत नाही, अशी आमच्याकडची रीत. सासू असती तर मधे ती असती, पण ती माझ्या लग्नाआधीच गेली होती. म्हणून मधे छबू. छबू नसली तर मामा म्हशीला सांगायचे. "आभाळ आलंय, वाळवण आत घेतलं पायजे," असं म्हशीकडे बघून म्हणायचे, आणि वाळवण मी आत घ्यायची. म्हैस हुशार होती, पण एवढीही नाही. माझा आवाज त्या माणसानं मी त्याच म्हशीला शिव्या घालताना तेवढा ऐकला असेल.

अंकुश नदीवर नाव चालवायचा. आपल्यातला नव्हता. एवढं सांगितलं की आमच्याकडे पुढचं कुणाला सांगावं लागत नाही.

आणि घरात होते आमचे हे. औदुंबर. छबूचा थोरला भाऊ, माझा नवरा. पांढरे कपडे, सोसायटीच्या निवडणुका, चार माणसं मागेपुढे. छबूवर त्यांचा जीव नव्हता असं मी म्हणणार नाही. जत्रेहून तिला बांगड्या आणायचे, मला आणायचे विसरायचे. पण त्याच वर्षी जेठात शेजारच्या वस्तीवरच्या एका पोरीचा विहिरीत पाय घसरला. आमच्या भागातल्या विहिरींना कठडे होते, पायऱ्या होत्या, तरी कुणाकुणाच्या पोरींचे पाय बरोबर घसरायचे. त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "बापाला मानलं पायजे. इज्जत राखली." आणि माझ्याकडे ताट सरकवून म्हणाले, "कालवण वाढ."

मी कालवण वाढलं. छबू समोर बसली होती. तिनं भाकरी तशीच टाकून हात धुतले.

तर हे सगळं तिला ठाऊक होतं, आणि तरी बाईनं भोपळ्यावर नाव घातलं.

"तोडून टाकू?" तिनं विचारलं.

"आणि मामांना काय सांगायचं? त्या वेलावर दुसरं फळ नाही. वाफ्याच्या तोंडाशी आहे, येता-जाता त्यांची नजर त्याच्यावर असते."

"मग वरनं ओरखडून टाकू. नाव वाचता यायचं न्हाई."

"म्हणजे चिघळेल, सडेल. सडलेलं फळ तुझे आबा काय करतात? हातात घेऊन चारी बाजूंनी बघतात, आणि घरी आणून तुझ्या भावाला दाखवतात, की बघ, कुणी नख लावलं."

ती रडायला लागली. मी तिला म्हटलं, गप, मी बघते काय करायचं ते. मला तरी काय दिसत होतं? पण कुणीतरी म्हणायला लागतंच.

मी एवढंच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा नदीवर आंघोळीला गेले तेव्हा वेल जरा सैल सोडला, देठाला ताण बसू न देता फळ पाव फेर फिरवलं, आणि नावाची बाजू वाटेकडून काढून काटेरी कुपाकडं केली. वर थोडं पाचट ठेवलं. कवळ्या फळाला उन्हाचं पाचट घालतातच, त्यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

तिसऱ्या सकाळी येऊन बघते तर फळाचं तोंड पुन्हा वाटेकडे. पाचट बाजूला, आणि छबू-अंकुश आल्यागेल्याकडे बघतायत.

मला वाटलं, वेलाला पीळ असेल. कधीकधी वेल आपल्या मूळ वळणावर जातो. मी पुन्हा फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं रोज चाललं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही छबूच करतेय. सांजच्याला गवताला येते तेव्हा. मिरवायचंय बाईसाहेबांना.

दुपारी ती भाकरी घेऊन आली तेव्हा मी तिला बांधावर बसवून झाडली. "मी इथं जीव मुठीत धरून लपवायचं, आणि तू उघडं करून ठेवायचंस? लाज नाही वाटत?"

"मी कशाला उघडं करू?" ती म्हणाली. "मी तर त्याच्याकडं बघतसुदीक न्हाई, भ्याव वाटतं मला."

"मग काय भूत फिरवतंय?"

"येल पिळत आसंल. वैनी, आयच्यान म्या हात लावला न्हाई."

मेलेल्या आईची शपथ घेतली तिनं, आणि मी विश्वास ठेवला नाही. तिच्या वयाच्या पोरी शपथा चिंचा खाल्ल्यासारख्या घेतात, हे मला माझ्यावरून ठाऊक होतं.

पावसाळा सरला, उघडीप पडली आणि फळं फुगायला लागली. तंबोऱ्याचा भोपळा एकदा सुटला की नजरेसमोर वाढतो. नारळाएवढा, कळशीएवढा. अक्षरंही सुटली. आधी तांदळाएवढी होती, मग बोटाएवढी झाली. ओरखडे भरून आले, त्यांना खपली धरली, आणि हिरव्या सालीवर ती करडी नावं उठून दिसायला लागली. 'छ'चा पोटगोळा तर असा फुगला होता, की दुसरी कुठली वेळ असती तर मला हसू आलं असतं.

फळ आता जड झालं होतं. एका हातानं कवेत घेऊन, गुडघा टेकून फिरवावं लागायचं. दुसऱ्या हातानं देठ सांभाळायचा. मी घामाघूम व्हायची, आणि मनातल्या मनात छबूला शिव्या घालायची.

शेवटी मी तिला सरळ विचारलं. "तुझा विचार काय आहे?"

"अंकुशचा मामा पुण्यात हाय. तिकडं काम बघून ठिवलंय त्येनं. नाव रातीचीबी काढतो म्हणतो, कवाबी."

"मग जा ना बाई. वाट कुणाची बघतेस?"

"आबांची."

"आबांची म्हणजे?"

ती पदराचं टोक पिळत बसली. "मी गेले तर आबा कुणासंगं बोलतील? दाद्याचं आन त्येंचं पटत न्हाई. तुझ्यासंगं बोलता येत न्हाई. येवढा हंगाम आबांसंगं काढते. भोपळं उतरलं की जाते. आबांना कळलं असं नुसतं वाटलं ना, वैनी, तर त्याच पावली जाईन. त्येंच्या डोळ्याला डोळा न्हाई देता यायचा मला. पण त्येंना कळलं न्हाई, तवर ऱ्हाते."

"कळणार नाही. मी आहे ना," मी म्हटलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून मी अजून लवकर मळ्यात जायला लागले.

अक्षरं वितीएवढी झाली तेव्हा मात्र मी हाय खाल्ली. आता पाचटानं झाकत नव्हतं. फिरवायचं तर देठ करकर वाजायचा. मी मनाशी ठरवलं, सोमवारी मामा बाजाराला जातील, त्या दिवशी फळ खाली पाडायचं, काठी मोडली म्हणून सांगायचं. शिव्या बसतील, बसू देत. आजवर कमी बसल्यात का?

सोमवारी मामा तांबडं फुटायच्या आधीच बैलगाडी जुंपून बाजाराला गेले. मी मळ्याकडे निघणार, तोच म्हैस अडली. रेडकू आडवं आलं होतं. म्हशीला तसं टाकून जाता येईना. छबू आणि मी गोठ्यात अडकलो, कोपरापर्यंत हात भरलेले. यांनी दारातून विचारलं, "आबा न्हाईत, मोटर कोण चालू करणार? लाईट आली." मी तिकडे न बघताच म्हटलं, "तुम्हीच जा की आज."

तोंडातून गेलं आणि मग माझ्या ध्यानात आलं. विहिरीची वाट वाफ्यावरूनच जाते. पण मला वाटलं, हे काय खाली वाकून बघणार आहेत? यांना भोपळा आणि दुधी यातला फरक कळायचा नाही. आणि काल सांजच्याला छबू गवताला गेलीच नव्हती, म्हणजे काल सकाळी मी फिरवलेलं फळ तसंच असणार.

रेडकू निघालं. जिवंत होतं. छबूनं त्याच्या नाकातलं पुसलं आणि ते शिंकलं तशी ती हसली. मी तिला तशी हसताना पाहिली ती शेवटची.

हे परत आले. रागावलेले नव्हते. यांना राग आला की आधी चपला उडायच्या. आज चपला जोडीनं काढून ठेवल्या आणि म्हणाले, "चहा टाक."

मी चहा टाकला. बशीत ओतून सावकाश प्यायले. रेडकाकडे बघून म्हणाले, "नर हाय का मादी?"

"मादी," छबू म्हणाली.

"बरं झालं." बशी खाली ठेवली. "छबे, हात धू आन चल जरा विहिरीवर. मोटरीच्या फुटव्हॉलला कचरा अडकलाय, दोर धरायला कुणीतरी पायजे."

ती हात धुऊन पदराला पुसत त्यांच्या मागं गेली. बहीण भावामागं जाते तशी गेली. मी म्हशीला गूळपाणी पाजत होते.

म्हशीचं आटपून मी वाफ्यावर गेले. वाटेवरूनच दिसलं. फळ मधोमध कोयत्यानं फोडलेलं होतं. पांढरा गर, कवळ्या बिया, आणि दोन फाकळ्या वाटेच्या दोन अंगांना. एका फाकळीवर 'छ', दुसरीवर 'बू'. मी विहिरीकडे पळाले. मी किती मोठ्यानं ओरडत होते ते मला लोकांनी नंतर सांगितलं.

हे काठावर बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "पाय घसरला."

दोर कठड्यावर गुंडाळलेला होता. कोरडा.

पुढचं सगळं जसं होतं तसं झालं. माणसं जमली, पोहणारे उतरले, फौजदार आला, पंचांनी सह्या केल्या. पाय घसरला. मामा बाजारातून आले, त्यांनी कागदावर अंगठा उठवला. एक शब्द बोलले नाहीत. अंकुशची नाव त्या संध्याकाळी पलीकडच्या काठाला रिकामी बांधलेली दिसली. तो जिवंत सुटला एवढंच.

मी? मीही काही बोलले नाही. घरात आता मधे कुणीच नव्हतं. यांच्याशी बोलायला माझी जीभ उचलत नव्हती. रात्री यांनी शेजारी हात टाकला तेव्हा मी उठून गोठ्यात जाऊन झोपले. सकाळी यांनी विचारलंसुद्धा नाही. त्यांना कळलं होतं, की मला कळलंय.

राख सावडून आलो त्या दुपारी मामा मळ्यात गेले. बराच वेळ झाला तरी परतले नाहीत, म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. ते वाफ्याच्या तोंडाशी बसले होते. फाकळ्या तशाच पडल्या होत्या, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. मी तांब्या ठेवला आणि वळले.

"बस," मामा म्हणाले.

मी इकडेतिकडे बघितलं. म्हैस नव्हती, कुणी नव्हतं. मला म्हणाले होते. मी पदर पुढं ओढून बांधाशी बसले.

"पयल्या दिशीच बघितलं व्हतं म्या," ते म्हणाले. भोपळ्याकडे बघतच बोलत होते. "लिंबाएवढं व्हतं तवा. माझ्या वाफ्यात येवढं घडतंय आन मला दिसणार न्हाई व्हय. मग रोज सांजच्याला, समदी घरी गेली का, म्या त्याचं तोंड वाटंकडं करून ठिवायचो. पोरगी दुपारी भाकरी घिऊन येती त्या वाटंकडं. म्हणलं, दिसंल तिला. बापाला कळलंय, आता इथनं पळ, येवढं कळंल तिला. दाद्याच्या नजरंला यायच्या आत."

मी फाकळ्यांकडे बघितलं.

"आन रोज बघतो तर तिनं फिरवून ठिवल्यालं. कुपाकडं. म्या वाटंकडं करायचं, तिनं कुपाकडं. म्हणलं, उत्तर देती पोरगी. आबा, मी जात न्हाई, तुमी कायबी करा, म्हणती. लई जिद्दीची. रोज वाटायचं, आज तरी जाईल. आयतवारी सांजच्याला बी म्याच केलं. आन बाजाराला गेलो."

मी तोंडात पदराचा बोळा धरला होता.

"तू म्हणशील, तोंड न्हवतं का सांगायला." पहिल्यांदा त्यांनी मान वर केली, पण माझ्याकडे नाही, नदीकडे बघितलं. "न्हवतं. मला एक भन व्हती. तुला ठावं न्हाई, घरात कुणी नाव घेत न्हाई तिचं. माझ्या बानं तिला समोर हुबं करून इचारलं. ती व्हय म्हणली. एकदा तोंडातनं भाईर पडलं का मग बापाला बाप व्हावं लागतंय, भावाला भाऊ. बोलल्यालं माघारी घेता येत न्हाई. बानं मला हाक मारली." त्यांनी फाकळीवरच्या मुंग्या झटकल्या. मग म्हणाले, "म्हणून छबीला इचारलं न्हाई म्या. न इचारता जाईल, वाचंल. पर तिनंच जायचं न्हाई म्हणलं. तिची मर्जी."

तिची मर्जी. त्या दोन शब्दांवर हा माणूस तीन दिवस उभा होता, हे मला दिसलं. त्याच आधारानं त्यानं कागदावर अंगठा उठवला होता आणि पोराच्या पंगतीला बसून जेवला होता. मी गप्प राहिले असते तर तो मरेपर्यंत तसाच तगला असता. मला त्याची दया आली. आणि छबूचा हसरा चेहरा डोळ्यापुढे आला, तेव्हा दयाबिया सगळी जळून गेली.

"मामा, ती नव्हती फिरवत," मी म्हटलं. "मी फिरवत होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं ते तेव्हाच.

"तू?"

"रोज सकाळी. तुम्ही नदीवर गेलात की. मला वाटायचं, छबूच तोंड वाटेकडे करतेय."

"म्हंजी तिनं बघितलंच न्हाई?"

"नाही."

"एकदाबी?"

"एकदाही नाही. ती यायच्या आत मी लपवत होते. तुम्हाला कळलंय असं नुसतं वाटलं असतं तरी ती त्याच पावली गेली असती. तसं म्हणाली होती मला. तुमच्यासाठी राहिली होती ती. आबा कुणाशी बोलतील, म्हणून."

मामांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी सांगत नाही. माणसाचा असा आवाज मी नंतर कधी ऐकला नाही, ऐकायचाही नाही. एकाच वाफ्यात दोघं राबत होतो, दोघांनाही पोरगी वाचवायची होती, आणि एक शब्द, नुसता एक शब्द, इकडचा तिकडे गेला नाही. लोक म्हणतात नशीब. नशिबाला काय शिव्या घालता, या रीतीला घाला.

बऱ्याच वेळानं ते उठले. पटका सोडून पुन्हा नीट बांधला.

"पायात काय हाय का?"

"कुठं जायचंय?"

"तालुक्याला. चौकीत."

मला समजलं, आणि तरी मी म्हटलं, "मामा, ते तुमचे एकुलते एक आहेत."

"दोन व्हती मला," ते म्हणाले.

नेहमी सासरा पुढे आणि सून दहा हात मागे, अशीच आम्ही चाललो. एस.टी.त मात्र एका बाकावर बसलो, कारण दुसरी जागा नव्हती. वाटेत मी एकदा म्हटलं, त्यांना फाशी होईल का. मामा म्हणाले, ठावं न्हाई. मी माझ्याच नवऱ्याचं विचारत होते, आणि माझ्या डोळ्याला पाणी नव्हतं. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

चौकीत तोच फौजदार होता. त्यानं मामांना ओळखलं, खुर्ची दिली. मामा बसले नाहीत.

"पाय घसरला न्हाई," मामा म्हणाले. "लिवून घ्या."

"आबा, कागदावर तुमचाच अंगठा आहे."

"त्यो खोटा. ही माझी सून. हिला इचारा."

फौजदारानं माझ्याकडे बघितलं. मी बोलायला लागले. चहा सांगितला, बशी सांगितली, जोडीनं काढलेल्या चपला सांगितल्या. कोरडा दोर सांगितला. मामा शेजारी उभे राहून ऐकत होते, आणि सासऱ्यासमोर मी माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन बोलत होते. मी थांबले तेव्हा फौजदारानं कपाळ पुसलं, नवा कागद घेतला आणि विचारलं, "मयताचं पूर्ण नाव सांगा."

"दोन नावं लिवा," मामा म्हणाले.

"दोन?"

"एक छबू. माझी पोरगी. तिला माझ्या पोरानं ढकलली." मामांनी पटका काढला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. "आन एक हौसा. माझी भन. त्याच विहिरीत. तिला म्या."